तिसरी रांग, डावीकडून दुसरी

रात्री अकरानंतर सोलापूर रोड जरा गप्प झाला
की मी हेडफोन चढवतो.
बारा मिनिटं चाळीस सेकंद.
चव्वेचाळीस गळे, कॅम्पातला एक हॉल, न लागणारी एक खिडकी,
आणि पंखे बंद, कारण माइकला पंखा ऐकू येतो.
एप्रिल होता. वैजू घरी आली
तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटलेला.
म्हणाली, झालं एकदाचं. भात आहे का?

शब्द महापालिकेचे.
वानवडीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या तेमजेन नावाच्या पोरानं
पेपरातली सूचना कापून तिला सूर लावले:
गुरुवारी संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद राहील.
शुक्रवारी सकाळी उशिरा
व कमी दाबाने पाणी येईल.
मी हसलो होतो. यावर गाणं?
वैजू म्हणाली, बंदिशीत तरी काय असतं,
सासू जागी आहे नि पैंजण वाजतंय.

माझा कान एका गळ्यावर पोसलेला.
एकानं गायचं, बाकीच्यांनी मागे बसायचं.
इथे मागे कुणीच नाही.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चुकले.
षड्जाला खेटून कोमल रिषभ, त्याला खेटून शुद्ध,
पीएमटीच्या बाकावर तिसरा बसावा तसे,
आणि कुणी सरकायला तयार नाही.
मी अर्ध्यात बंद केलं.
ती काही बोलली नाही. भांडी जरा जोरात लावली.

आता कितव्यांदा तरी ऐकताना कळतं,
त्या तिघांच्या मध्ये काहीतरी थरथरतं
जे तिघांपैकी कुणीच गात नाही.
जवारीचा दोरा नेमका सरकला
की तंबोऱ्यात उगवतं तसलं.
हे मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, लवकर कळलं.

सोप्रानो 'पाणी' घेऊन पार छतापर्यंत जातात.
पुरुष 'बंद'वर ठाण मांडून.
आल्टोंना 'उशिरा' आणि 'कमी दाबाने'.
तिच्या वाट्याला चार सूर, तेही शेजारशेजारचे.
कणीक मळताना तेच घोकायची,
आणि मला वाटायचं, याला ना डोकं ना शेपूट.
डोकं-शेपूट बाकी त्रेचाळीस जणांकडे होतं,
मला काय माहीत.

मी तिला शोधतो.
तिसरी रांग, डावीकडून दुसरी.
फोटो समोर ठेवून, हेडफोन उलटे घालूनही पाहिले.
चौथ्या मिनिटाला कुणीतरी घाईत नाकानं श्वास घेतं,
ती वैजू. तेहेतीस वर्षं शेजारी झोपलोय.
सूर मात्र सापडत नाही.
उजागरे मॅडम तेच शिकवायच्या म्हणे:
शेजारीण ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठ्यानं गाताय.

आज वायर सैल झाली, आवाज खोलीत सांडला.
वैजू वाटाणे सोलत होती.
जूनमध्ये थायरॉइड काढला, तेव्हापासून
बोलते ती कठडा धरून जिना उतरल्यासारखी.
हॉलवर जात नाही. हे लागलं की आत जाते.
आज नाही गेली.
नवव्या मिनिटाला एक आल्टो
'उशिरा' अर्धी मात्रा आधीच म्हणते.
मी विचारलं, तू?
ती फ्लॉरी.
मग शेंग मोडत,
मी पुढच्या ओळीत चुकलेय. तुला नाही सापडणार.

नाही सापडली.
शेवटी सगळे 'येईल'वर थांबतात
आणि घोरपडीहून एक मालगाडी भोंगा देते,
सुरापेक्षा केसभर उतरलेला.
तो टेक त्यांनी ठेवला.
गाडी जाईपर्यंत चव्वेचाळीस माणसं
खोकत नाहीत, पान उलटत नाहीत.

भोंगा विरताना वैजूच्या घशात काहीतरी हललं.
मी वळलो नाही.
वळलो असतो तर थांबली असती.
वाटाणे पातेल्यात पडत राहिले.
मग म्हणाली, उद्या गुरुवार.
बादल्या भरून ठेव.