ज्वारी नावाच्या गावी

तू विचारलंस, उतरायचं कुठे.
झुगदिदी स्टेशनबाहेर मेस्तियाकडे जाणारी मार्शुत्का उभी असते.
भरल्याशिवाय हलत नाही. तोवर
समोरच्या टपरीत तरखुना पी,
हिरवं, इतकं हिरवं की खोकल्याचं औषध वाटावं,
चवीला बडीशेपेच्या माहेरचं कोणीतरी.
बाटली परत कर, चिल्लर मिळते.

ड्रायव्हर बोंडो असेल तर पुढे बसू नकोस.
प्रत्येक वळणावर तो एका हाताने छातीवर क्रूस काढतो,
दुसऱ्या हातात सूर्यफुलाच्या बिया असतात.

गावाचं नाव ज्वारी.
मी एकटाच हसलो तेव्हा सगळी गाडी वळून बघायला लागली.
त्यांच्यात ज्वारी म्हणजे क्रूस.
आमच्यात भाकरी, असं मी हवेत थापून दाखवलं.
मागची म्हातारी काहीतरी म्हणाली.
बोंडोने भाषांतर केलं (किती विसंबायचं ते तू ठरव):
म्हणजे दोन्हीकडे ओझंच की.
शेतात बघितलं तर सगळा मका.

त्सिआलाकडे उतर. पाटी नाही.
निळ्या लाकडी गॅलरीचं घर, फाटकात
गळ्यात लाकडाचा त्रिकोण घातलेलं डुक्कर आडवं झोपलेलं.
ओलांडून जा. उठत नाही ते.

जेवायला घोमी.
पांढऱ्या मक्याची, बिनमिठाची, तासभर घोटलेली.
तिच्यात सुलगुनी चीजचे तुकडे उभे खोचायचे
आणि गप्प बसायचं.
घाई केलीस तर चीज दाताला लागतं,
उशीर केलास तर तारा सुटतात थेट हनुवटीपर्यंत.
अजिका जपून. आम्ही तिखट खाणारी माणसं,
अशी फुशारकी मी खुणांनी मारली.
त्सिआला काही बोलली नाही,
पाण्याचा जग माझ्याजवळ सरकवला.

प्यायला ओजालेशी,
काळपट लाल, जांभळं खाल्ल्यासारखी जीभ करणारी.
अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले तीन रांजण.
दोनांतली मी प्यायलो.
तिसरा मातीने लिंपलेला, वर दगड, दगडावर मांजर.
इरमा जन्मली त्या वर्षीचा. तिच्या लग्नात उघडायचा.
इरमा इटलीत, बारीला असते,
कुणा म्हाताऱ्या बाईला अंघोळ घालते,
रात्री कूस बदलून देते. चाळिशी उलटली.
शेजारी म्हणतात, आत आता सिरका असेल.
मांजराला त्याचं काही नाही.

खोली एकच. इरमाची.
भिंतीवर तिसरीचं प्रशस्तिपत्रक,
कपाटात मुलीच्या मापाचा हिवाळी कोट.
पलंग असा कुरकुरतो
की पहिल्या रात्री दर कुशीला मी सगळं घर जागं केलं.

दुसऱ्या संध्याकाळी बारीहून फोन आला.
पाहुणा दाखवायला त्सिआलाने स्क्रीन माझ्याकडे फिरवला.
दमलेला चेहरा, मागे पांढऱ्या टाइल्स.
तिने नाव विचारलं नाही, देश विचारला नाही,
इटालियन मिसळलेल्या इंग्रजीत म्हणाली,
भिंतीकडे सरकून झोपा.
तिथली फळी वाजत नाही.

सरकलो.
गादीत तिथे एक खळगा होता,
चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीएवढा.
मी काही त्यात मावलो नाही. झोप मात्र लागली,
इतकी की नदीचा आवाज सकाळीच ऐकला.

निघताना म्हटलं, पलंगाचे स्क्रू आवळून देतो,
पाचेक मिनिटांचं काम.
त्सिआलाने पान्यासकट माझा हात धरला. नको.
का, ते विचारण्याइतकी भाषा माझ्याकडे नव्हती.

दोन रात्री, जेवणासकट, एकशे वीस लारी.
वर मक्याचं पीठ फडक्यात बांधून दिलं.
इथे थापून बघितलं. कडा चिरतात.
पाणी आधी कडकडीत उकळायला हवं बहुतेक.
तू गेलास की विचारून ये.