पूर्ण झालेली वर्षे

मच्छे, ब्लॉक एकतीस.
उत्तरेला पाण्याची टाकी, दक्षिणेला फौंड्रीची भिंत,
पश्चिमेला खानापूर रोड.
पूर्वेला नकाशात गटार आहे,
गटारावर आता नऊ घरं.

शाळा सुटली की निघते.
पिशवीत फॉर्म, सरकारी काळं पेन,
पेन्सिल माझी.
छप्पर कशाचं, पाणी कुठलं,
लग्न कितव्या वर्षी,
मुलं किती झाली, किती राहिली,
सगळ्याला रकाना आहे.

मातृभाषेपाशी धामणेकर उठून उभे राहिले.
"मराठी लिहिलात? दाखवा बघू."
दाखवलं.
शेजारी होसमनी. "अक्कोरे, कन्नड अंत बरीरी."
तेही लिहिलं.
संध्याकाळी दोघं एकाच खिडकीशी होते
नव्वदचं पाकीट दातानं फोडत,
तिथं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.
त्या रात्री पहिल्यांदा
समासात पेन्सिलीनं ठिपका दिला मी.
मग शेजारच्या घराला दुसरा.

घर सत्तावीस: दारामागं गोव्याच्या बाटल्या,
धुऊन, रांगेत. भंगारवाला दोन रुपये देतो.
घर चाळीस: पोरगा चौदाचा. "शिकतोय," म्हणाली आई.
ओठावर पुरळ, खिशात पंक्चरचं सोल्यूशन.
माझ्याच वर्गातला. भागाकार छान करायचा,
बाकी उरली तर रडायचा.
घर पंचावन्न, नदाफांचं. तिथं दारू शिवत नाहीत.
थोरल्याच्या उशाखालची गोळ्यांची रिकामी पानं
अम्मीनंच दाखवली, मुठीत दडवून,
बांगड्या वाजू न देता.

घर अठ्ठ्याण्णव. गिरजा मोरबाळे.
"मालक?"
"केंद्रात ठेवलंय. सोडवायला."
"किती महिने झाले?"
सहा महिने जो घरात नाही
तो त्या घरचा नाही, असा नियम.
तिनं कॅलेंडरवर बोट फिरवलं, पानं मागं घेतली, पुढं घेतली.
"पाच महिने एकवीस दिवस."
मग हळूच,
"धरा की बाई."
धरला.
ब्लॉकची माणसं सातशे नऊ झाली ती त्याच्यामुळं.

सुपरवायझर म्हणाले, हे ठिपके कसले?
म्हटलं, पेन्सिल लागली असेल.
खोडा म्हणाले, समासातलं मशीन वाचत नाही.
दोन रात्री खोडत बसले.
चुरा सुपात गोळा करून बाहेर झाडला,
वाऱ्यानं थोडा परत आत आला.

शेवटचं घर माझंच, एकशे बासष्ट.
मी, आई,
भाऊ भरमा, वय एकोणचाळीस, कामगार, मोल्डिंग.
एक्केचाळीस दिवस झाले,
पाळी सुटली की सरळ घरी येतो,
दिव्याखाली बसून स्वतःचे हात बघतो.
चहा आता तोच करतो. आई काही बोलत नाही,
फक्त साखरेचा डबा खालच्या फळीवर आणून ठेवलाय.

"माझं काय लिहिलीस गे?"

पुस्तिकेत ठळक अक्षरात सूचना आहे:
वय पूर्ण झालेल्या वर्षांत लिहावे.
वर्षाच्या आतल्या बाळाला शून्य.
घर सहासष्टमध्ये होतं तसं, अकरा दिवसांचं.
नाव नव्हतं, म्हणून नुसतं 'बाळ', आणि पुढं शून्य.
बापाला वाईट वाटलं होतं.
"शून्य काय हो बाई, माणूस आहे की ते."

पेन्सिल काढली.
भरमाच्या ओळीपुढं, समासात,
ठिपका द्यायच्या जागी
जरा हात फिरवला, मध्ये जागा ठेवली.

"दाखव बघू."
दाखवलं.
"हे काय?"
"तुझं वय."

तो बराच वेळ बघत राहिला.
मग चहा गाळायला उठला.
थोडा बशीत सांडला.