गाळाचं वय

सकाळी सहाला बाहेर उणे एकोणीस.
टाकीवर वाफ. खाली तपकिरी पाणी रटरटतंय,
उकळी फुटल्यासारखं, पण असतं नुसती हवा.
लांब दांड्याच्या भांड्याने मी लिटरभर काढते.
हातमोज्यावर शिंतोडा उडतो, तिथेच गोठतो.

आधी नळीत अर्धा तास.
गाळ बसत जातो, वर पाणी निवळतं.
ओइवा घड्याळ न बघता सांगायचा,
"दोनशे तीस. खुशीत आहेत.
वास घे, ओल्या मातीचा."
मी वाकून आकडा वाचायचे. दोनशे तीस.

मग गाळणकागद.
एकशे पाच अंशांवर वाळवून वजन,
पाचशे पन्नासवर जाळून पुन्हा वजन.
जे जळून गेलं ते सजीव धरायचं.
पण भट्टीला मेलेलं-जितं कळत नाही,
दोन्ही सारखंच पेटतं,
म्हणून शेवटी बाटली.
बूच लावायचं, हवा तोडायची
आणि काटा उतरताना बघत बसायचं:
आठ. साडेसात. सहा.
किती वाढले ते असं कळतं,
कोंडल्यावर किती भराभर श्वास संपवतात त्यावरून.

ऑक्टोबरात एका मंगळवारी काटा उतरेचना.
साडेसात.
साडेसात.
मी बूच काढून पुन्हा लावलं, तार पुसली, बॅटरी बदलली.
ओइवाने खिडकीतून पलीकडच्या कागद गिरणीकडे पाहिलं.
धुरांडं चालू होतं, रोजच्यासारखं.
"वरून ताट यायचं थांबलंय," तो म्हणाला
आणि डबा उघडून राईची भाकरी खात बसला.

गिरणीने शुक्रवारी सांगितलं,
सभागृहात, कॉफी आणि दालचिनीच्या पावासोबत.
चारशे बारा माणसं. त्यात ओइवाचा जावई.
आमच्या वहीत ते मंगळवारपासून होतं,
माझ्या अक्षरात, दोन दशांश स्थळांपर्यंत.
कुणाला काय सांगणार होते मी?

नंतर गाळ स्वतःलाच खाऊ लागला.
अहवालात चालेल असा त्याला एक शब्द आहे, तो मी लिहिला.
भिंगाखाली देठावरच्या घंटा विरळ झाल्या,
तोंडाशी चक्र फिरवणारे सुस्त जीव आले,
म्हाताऱ्या गाळात येतात ते.
आम्ही गाळ काढून टाकणं बंद केलं, असलेला जपला.
वय नऊ दिवसांवरून तीस, मग एकेचाळीस.
जावई लेकीला, नातवाला घेऊन लुलेओला गेला.
शाळेने दुसरा वर्ग पहिलीत मिसळला.

आता पाण्यात फक्त घरं येतात.
भांडी, आंघोळी, शनिवारचं साउना.
रविवारी काटा जरा चपळ असतो,
सोमवारी पुन्हा आळसतो.

ओइवा निवृत्त झालाय. तरी सव्वासातला फोन येतोच.
"किती?"
"अकरा."
मागे त्याच्या किटलीची शिट्टी.
"बरं. आणि वास?"
मी रिसीव्हर खांद्याशी धरून
नळीवर पुन्हा वाकते.
"मातीचा, ओइवा.
अजून मातीचाच."