घुमाऱ्याची जागा

सबवूफर आधी दिगंबरच्या खुर्चीत बसवला.
चौदा किलो. खालच्या सकपाळांच्या नंदूनं उचलून आणला
आणि विचारलं, काकू, हा खुर्चीत कशाला?
म्हटलं, रीतच आहे तशी.
ऐकणाऱ्याच्या जागी आवाज ठेवायचा
आणि आपण रांगत हिंडायचं भिंतीकडेनं.
जिथं घुमारा गोल, भरीव लागेल
ती त्याची जागा.
दिगंबर स्टुलावर, पाय वर घेऊन,
लादी पुसताना बसतो तसा.

सदुसष्टाव्या वर्षी मी रांगते आहे
कन्नमवार नगरातल्या बारा बाय अकराच्या खोलीत.
कान जमिनीपासून वीतभर,
गुडघ्यांखालची सतरंजी माझ्याबरोबर सरकते.
टीव्हीखाली घुमारा सर्दी झाल्यासारखा.
खिडकीखालच्या कोपऱ्यात नुसती गुरगुर,
कोपरा प्रत्येक गोष्ट वाढवून सांगतो,
आमच्या वन्संसारखा.
आणि पंख्याच्या बरोबर खाली, खोलीच्या मध्यावर,
काहीच नाही.
लाट जाते, भिंतीला लागून परत येते,
दोघी एकमेकींना गिळून टाकतात.
तिथं मी जरा वेळ बसून राहिले.
इतकी वर्षं आम्ही पानं इथंच मांडत होतो.

एकतीस वर्षं मी इस्पितळात लोकांचे कान तपासले
काचेच्या अलीकडे बसून.
ऐकू आलं की बोट वर करा.
घरातला कान मात्र उशिरा कळला.
आधी स गेला, मग फ, मग थ.
सात वाजले म्हटलं तर हा विचारी,
कुणाचा हात भाजला?
मग चाट गेली, ना गेला,
शनिवारच्या बैठकीत चाळीस वर्षं वाजवलेला
किनारीवरचा तो स्वच्छ ना.
मशीन शिट्टी मारतं, म्हणून ते डबीत.
उरला डावा हात. घे उरला,
आणि धा मधला अर्धा.
त्या अर्ध्यासाठी मी लॅमिंग्टन रोडला
तीन दुकानं पालथी घातली.
शेवटचा म्हणाला, नातवासाठी का मावशी?
म्हटलं, हो. पैसे कमी केले त्यानं.

जागा सापडली ती फ्रिज आणि चपलांच्या रॅकमध्ये.
तिथं डग्गा असा उभा राहिला
की मी मान वर केली, कोण आलं बघायला.
रॅक बाहेर गेला, दार आता पाऊणच उघडतं.
नॉब ऐंशीवरून सत्तरवर आणला,
गाणारा चपलांतून गातोय
असं वाटता कामा नये.
तेवढ्यात सकपाळवहिनी वर.
आमच्या मांडणीवरची झाकणं वाजतायत हो.
तक्रार नाही, माहिती.
नंदूचे दोन जुने टेनिसचे चेंडू अर्धे कापून
पायांखाली दिले. खाली जाऊन ऐकून आले.
एक झाकण अजून वाजतं. ते, म्हणाल्या, तसंही वाजतंच.

राहिला मागचा छोटा खटका.
शून्य किंवा एकशेऐंशी.
एका बाजूला ही पेटी त्या दोघींच्या विरुद्ध चालते,
दुसऱ्या बाजूला तिघींचं पाऊल एक पडतं.
कुठली कुठली, ते खोलीच सांगते.
मी त्याला खुर्चीत बसवलं,
त्याच्याच एका शनिवारची कॅसेट लावली,
आणि सवयीनं म्हणाले,
ऐकू आलं की बोट वर करा.
शून्य. बोट मांडीवर.
खटका फिरवला.
बोट वर गेलं, थोडं उशिरा,
मग तळवा खुर्चीच्या हातावर घासत पुढं गेला,
घिस्सा घेताना जातो तसा.

कॅसेट संपली, रिकामी फिरत राहिली.
बोट अजून वरच.
आवाज नसताना वर राहिलेलं बोट,
तक्त्यावर आम्ही त्याला चूक लिहायचो.
पुढच्या खोलीत कुकरची तिसरी शिट्टी झाली,
ती मला एकटीलाच ऐकू आली.
उठले नाही.