वर्ग तेरा, वर्ग अठ्ठावीस

सिव्हिल लाइन्सला झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
मे महिना. कूलरची टाकी भरायची पाळी माझी.
टेबलावर रायफल आहे, कागदावरची.
सात दृश्यं काढायची: मागून, डावीकडून, उजवीकडून,
वरून, खालून, एक तिरपं,
आणि समोरून.

डिझाइनच्या कायद्याला फक्त डोळे असतात.
आकार, रेघ, वळण, नक्षी.
वस्तू करते काय, हे त्यानं विचारायचं नसतं;
त्याला वेगळा अर्ज, वेगळी फी.
म्हणून मी दस्त्याची गोलाई काढते,
नळीवरच्या अकरा भोकांत सारखं अंतर ठेवते
आणि खाली टाइप करते:
नावीन्याचा दावा पृष्ठभागापुरता मर्यादित.
गोळी काढावी लागत नाही.

नाव 'कन्हान'.
हिंगण्याच्या कंपनीचे ढबालेसाहेब म्हणाले,
छोटं आहे, ओरडायला सोपं.
रजिस्ट्रीची हरकत आली: हे तर नदीचं नाव.
उत्तराचा मसुदा माझ्याकडे.
लिहिलं: सदर नदी रायफलींच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध नाही,
सबब कोणाचाही गैरसमज संभवत नाही.
वकीलसाहेबांनी 'सबब'खाली पेन्सिलीनं रेघ मारली.
जमलं, म्हणाले.

मग इतवारीतून एक माणूस आला,
आमचीच नोटीस वर्तमानपत्रात गुंडाळून.
आडनाव निनावे.
रजिस्टरात लिहिताना मी तोंड सरळ ठेवलं.
तोच हसला.
"लिहा मॅडम. भांडण नावाचं, अन् मी निनावे."

पिशवीतून त्यानं बंदूक काढली.
सागाच्या उरल्यासुरल्या फळीची, रबराच्या दोरीची,
दस्त्यावर तापल्या सळईनं डागलेलं: कन्हान.
"माहा बाप पुलापाशी सुतारकाम करे.
एकोणऐंशीपासून याच नावानं इकून राह्यलो.
पोट्टे येतात, म्हणतात, कन्हान द्या.
आता काहून बंद करू?
मी का लढाई करून राह्यलो?"

बिलबुक होतं. अर्धं वाळवीनं खाल्लेलं,
कार्बनची निळाई उडालेली,
पण तारीख दिसत होती.
आधी वापरणारा आधी, हे मला ठाऊक होतं.
ते त्याला सांगायचा पगार मला मिळत नाही.
"याला प्लॅस्टिकचं कव्हर घाला," एवढंच म्हणाले,
"आणि हरवू नका."
त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
मग बंदूक पिशवीत, पिशवी काखेत,
जिना उतरताना दस्ता कठड्याला ठोकत गेला.

कायद्यात एक माणूस राहतो.
सरासरी बुद्धीचा, अपुऱ्या आठवणीचा.
दोन नावं त्याला शेजारीशेजारी कधीच दिसत नाहीत;
एक आज ऐकतो, दुसरं कधीतरी, दुसऱ्याच दुकानात.
त्याचा घोळ होईल का,
एवढ्यावर सगळे खटले चालतात.

माझी मावशी कामठीहून बसनं येते,
पुलावर खिडकी सरकवून नाणं टाकते.
कंडक्टर ओळखतो, गाडी थोडी हळू करायला सांगतो.
रवींद्रची राख तिथं सोडली होती.
त्याला गोळी लागली नव्हती.
थंडीनं गेला, बर्फात, डिसेंबरात.
इथं आज पंचेचाळीस आहे
आणि मावशी फोनवर विचारते,
कन्हानचं काय काम चाललंय म्हणे तुमच्याकडे?
पाणी सोडणार का?

सांगू काय.
मावशी, ते वेगळं कन्हान.
ते वर्ग तेरा.
आणि इतवारीतलं वर्ग अठ्ठावीस, खेळणी.
तुझ्या कन्हानला वर्ग नाही.

टाकी भरून वाहतेय, खालून झेरॉक्सवाला ओरडतोय.
समोरचं दृश्य तेवढं राहिलंय.
मी ते शेवटी ठेवते नेहमी. सगळ्यात सोपं.
एक वर्तुळ,
त्यात एक बारकं वर्तुळ,
कंपासला दोन मिनिटंही लागत नाहीत.
फक्त काढताना
कागद थोडा तिरपा धरते मी.