तास

प्रशिक्षण शनिवारी, अंधेरीतल्या एका हॉटेलात.
गारठलेला हॉल, बाटलीबंद पाणी,
प्रत्येकाच्या छातीवर त्याचंच नाव चिकटवलेलं.
समोरची मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची,
पडद्यावर पिरॅमिड दाखवते:
नुसतं ऐकलेलं लक्षात राहतं पाच टक्के.
व्याख्यान पद्धत आता कालबाह्य.
आणि हे पटवायला
पंचावन्न मिनिटं ती एकटीच बोलते.
आम्ही तीस प्राध्यापक, मुकाट.

तिचं अगदीच चूक नाही.
मीही काढलेत तसले तास.
पिवळ्या वहीतून स्वल्पविरामासकट
उतरवून देणारे गुर्जर सर,
बाकाखाली डबा उघडून आम्ही
अख्खी भेंडीची भाजी संपवायचो,
त्यांना कळायचं नाही. किंवा कळायचं.

पण ताम्हाणे सर.
माटुंग्याचं कॉलेज, तिसरा मजला, पावणेतीनचा तास,
भूशास्त्राला आम्ही अकरा जण.
ते यायचे, घड्याळ काढून
टेबलावर पालथं ठेवायचे,
आणि म्हणायचे, ‘समजा.’
समजा, ही खोली नाही.
खालचे दोन मजले नाहीत, माटुंगा नाही.
समुद्र आहे, पण या जागी नाही.
साडेसहा कोटी वर्षं मागे, जमीन उकललीय
आणि लाव्हा येतोय.
त्याला घाई नाही.
दुधासारखी साय धरतो वर,
साय फाटते, आतला पुन्हा पुढे सरकतो,
पुन्हा साय.
कुणी खोकत नव्हतं.
इरफान मुकादम, जो कुठेच टिकायचा नाही,
पेनाचं टोपण दातांत धरून तसाच.

मग तो निवायला लागतो, सर म्हणाले,
निवताना आक्रसतो,
आक्रसताना चिरतो.
आणि गप्प राहिले.
किती वेळ, सांगता येणार नाही, घड्याळ पालथं होतं.
माझ्या वहीत त्या जागी
चार ओळी कोऱ्या आहेत, अजून.

एकदा फळ्यावर अर्धी आकृती काढून थांबले.
‘मंगळवारी मी हे चुकीचं सांगितलं तुम्हाला.’
डस्टर नव्हता, तळहातानं पुसलं,
आणि आमच्यादेखत
पहिल्यापासून विचार करायला लागले, मोठ्यानं.
गट पाडले नाहीत, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या नाहीत,
आम्ही काहीच केलं नाही त्या दिवशी
असं कुठल्याही तक्त्यात नोंदवता येईल.
पण विचार कुठे अडतो
आणि अडल्यावर कसा वळतो,
हे मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

माझ्या आईच्या माहेरी, राजापूरकडे,
तास म्हणजे नांगराची रेघ.
ती ओढली त्या दिवशी शेतात बघण्यासारखं काही नसतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर गटचर्चा होती.
मी नावाचं लेबल पाण्याच्या बाटलीला लावलं
आणि रिक्षा केली. गिल्बर्ट हिल.
इमारतींच्या मधोमध तो काळा कडा,
उभे खांब एकमेकांना चिकटून,
वर देऊळ, खाली डिश अँटेना, वाळत घातलेल्या चादरी.
पदवी घेतली, पीएचडी केली, इथे कितीदा मुलं आणली,
तरी मान वर केली की
आधी तो तळहात आठवतो, खडूनं पांढरा.

पायरीवर एक पोरगा मोबाइल खेळत होता.
‘काकी, काय बघताय? पडतोय का दगड?’
मी म्हटलं, समजा, ही पायरी नाही.
त्यानं पायरीकडे पाहिलं.
समजा, अंधेरीच नाही.
‘मग आमचं घर?’
तेही नाही अजून.
त्यानं खेळ थांबवला, बंद नाही केला.
मी बोलत राहिले, हातवारे करत, साय, फाट, पुन्हा साय.
वरून कुणीतरी हाक मारली, ‘सूऽरज!’
तो उठला, दोन पायऱ्या चढला,
आणि तिथूनच ओरडला,
‘थांबा हां, निवू नका देऊ त्याला,
मी आलोच.’