इतिवृत्त, पहाटे चार

सभा पहाटे चारला. इथे असंच असतं.
उजाडलं की माणूस हात राखून बोलतो, म्हणतात.
चुलीवर ग्वायुसाच्या पानांचं पाणी काळपट उकळतंय,
भोपळ्याच्या वाट्या हातोहात फिरतायत.
मी रोसाउरा तापुय. वही माझ्याकडे,
कारण अक्षर बरं आहे आणि झोप कमी.

हजर : बावीस माणसं, तीन कुत्री,
कितोहून आलेला सल्लागार, ओल्या बुटांसकट.
विषय : पाहुणे. किती, कुठवर, कशासाठी.

आधी रिवाजाप्रमाणे स्वप्नं.
एलादियोकाकाला पुन्हा तेलविहिरीचा जाळ दिसला.
सहा वर्षं त्यानं कंपनीचे नळ जोडले,
अजून त्याच्या खोकल्याला डिझेलचा वास येतो.
कुणाला मासे दिसले, उताणे.
सल्लागार म्हणाला, मला आठवत नाही.
त्याची वाटी पुन्हा भरली.

मग त्यानं कागद पसरला. देखणा होता कागद.
नदी निळी, आमची घरं लाल ठिपके,
पोपटांच्या खारकड्यावर दुर्बिणीचं चित्र,
धबधब्यापाशी कॅमेऱ्याचं.
वहनक्षमता, तो म्हणाला, दिवसाला चाळीस.
मी लिहिता लिहिता विचारलं,
वाहायचं कुणी?

लिसार्दो उठला. होडीचं इंजिन कर्जाचं,
हप्ता महिन्याच्या महिन्याला.
चाळीस तर चाळीस, तो म्हणाला,
पोटाला नकाशा वाचता येत नाही.
त्याचं चुकत नव्हतं. तसंच लिहिलं.

म्हातारी सेराफिना शिगुआंगो कसावा सोलत होती.
सुरी न थांबवता बोलली :
होडीत आठ बसतात. नववा बसला की पाणी बसतं.
माझ्या मडक्यात आठांपुरती चिचा होते.
शोषखड्डा मी खणलाय, त्याला किती झेपतात मला विचारा.
आणि पाउही पक्षी चार आवाज सोसतो,
पाचव्याला उठून जातो, परत येत नाही.
तो गेला, की पाहुण्यांना काय
मला दाखवणार?

सगळे हसले. लिसार्दोसुद्धा, जरा उशिरा.

खारकड्याचं असं ठरलं :
नदीच्या अलीकडून, ताडपानांच्या आडोशातून, मुकाट.
मागे कुणीतरी ड्रोन उडवला होता,
अकरा दिवस कड्याची माती चाटायला
एक पोपट उतरला नव्हता. आम्ही मोजले होते.

तेवढ्यात एलादियोकाकानं चुलीतला कोळसा उचलला
आणि नकाशावरचा एक ओढा पुसून टाकला, अंगठ्यानं, सावकाश.
तिथे काय आहे? सल्लागारानं विचारलं.
तिथे आहे, काका म्हणाला.
इथे वहीत दीड ओळ कोरी आहे.
शाई संपली नव्हती.

ठराव : एका वेळी आठ. महिन्यातून दोनदा.
चोंता पिकतो तेव्हा कुणीच नाही,
तेव्हा गाव गावाचं असतं.
नाच मागून मिळणार नाही, असला तर दिसेल.
पाहायला येतो तो पाहुणा, हे अर्धंच झालं,
त्यालाही आम्ही पाहणार, त्याची तयारी असावी.
आणि पहाटे चुलीपाशी बसून
त्यानंही स्वप्न सांगावं. यावर मतदान झालं नाही,
सेराफिनानं नुसती सुरी खाली ठेवली.

अनिर्णित : पेट्रोलचे पैसे. लिसार्दोचा हप्ता.

नंतरची नोंद, ऑगस्ट.
पहिली होडी आली. एक उंच बाई,
डासांनी सुजलेले घोटे, डोळे जागरणाचे.
वाटी दोन्ही हातांनी धरून म्हणाली,
दोन रात्री झाल्या, काहीच दिसलं नाही. ओशाळली होती.
सेराफिना म्हणाली, सांगा तिला,
होडी पुढे आली, माणूस मागून येतंय.
नदी लांबची आहे. लागतात दिवस.

तिसऱ्या पहाटे ती बोलायला लागली.
ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

पेट्रोल : पुढच्या सभेत.